संगणकाचीं धुळाक्षरें

अकोले तालुक्याचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें प्रथम येतें तें १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें विल्सन धरण आणि प्रवरेकांठचें अगस्तींचें पुरातन स्थान. २०१० नंतरच्या दशकांत याच तालुक्यांतील कोंभाळणे या खेड्याचें नांव आणखी एका कारणानें देशभर झालें. तेथील राहीबाई सोमा पोपेरे या शेतकरी बाईंनीं, शाळेची पायरी न चढतां, वाल, भात, नाचणी आणि भाजीपाला यांचीं गांवठी बियाणीं जमवून त्यांचा मोठा संग्रह उभा केला. बाएफ या संस्थेनें त्यांना साह्य केलें, आणि २०२० सालच्या यादींत त्यांना पद्मश्री मिळाली. लोक या संग्रहाला बीज बँक म्हणतात. शेतकऱ्यानें तेथून मूठभर दाणे न्यावे आणि आपल्या वावरांत पेरावे. तें वाण कोणीं, किती हंगाम निवडून टिकविलें, हें त्याला ठाऊक असण्याची गरज नाहीं.

संगणकाच्या जगांत 'लायब्ररी' म्हणून जी वस्तु ओळखली जाते ती नांवानें ग्रंथालय असली तरी स्वभावानें अशी बियाण्यांची कोठी आहे. कोणी तरी एकदां मेहनतीनें लिहिलेल्या आणि कसोटीस उतरलेल्या आज्ञा तेथें सांठविलेल्या असतात. त्या वाचीत बसावयाच्या नसतात; आपल्या आज्ञावलींत सरळ पेरावयाच्या असतात. अशा बहुतेक कोठ्या जाणत्या, कसबी माणसांसाठीं उभारलेल्या आहेत. परंतु ज्यानें जन्मांत नांगराला हात लावला नाहीं, त्याच्यासाठीं एखादी निराळी कोठी असावी काय? असल्यास तींत काय ठेवावें आणि काय ठेवूं नये? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याच्या उत्तरावर पहिल्या आठवड्यांत वर्गांत कोण टिकतो आणि कोण हळूच उठून जातो, हें पुष्कळदां ठरत आलें आहे. या प्रश्नाच्या इतिहासाचें एक महत्त्वाचें प्रकरण मुंबईस पवई येथें लिहिलें गेलें. त्याचा आरंभ मात्र दूर इंग्लंडांत आहे.

केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांनीं बांधलेलें 'एडसॅक' हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. पुढच्याच महिन्यांत जिना चढतां चढतां विल्क्स यांच्या मनांत एक विचार चमकून गेला, कीं आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार! ही हकीकत त्यांनीं स्वतःच आपल्या आठवणींत नमूद केली आहे. यावर एक उपाय असा, कीं एकदां तपासलेलें काम दुसऱ्यांदा लिहूंच नये. वर्गमूळ काढणें, कोनाची ज्या काढणें, उत्तर छापणें अशा नित्याच्या कामांच्या उप-आज्ञावल्या छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून पोलादी कपाटांत ठेवण्यांत आल्या. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली होती. मुख्य आज्ञावलींतून उप-आज्ञावलींत जावें आणि काम आटोपून नेमक्या त्याच जागीं परत यावें, याची युक्ति डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकानें बसविली. पण हें सारें गणित्यांनीं गणित्यांसाठीं चालविलेलें काम होतें. नवशिक्याचा विचार त्यांत नव्हता, आणि तो असण्याचें कारणही नव्हतें.

नवशिक्याचा कैवार घेतला तो अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजच्या दोन गणिताच्या प्राध्यापकांनीं, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनीं. केमेनी मूळचे हंगेरीचे. तरुणपणीं प्रिन्स्टन येथें ते आइन्स्टाइनचे गणिती साहाय्यक होते. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र असे विषय घेणारे. त्यांनाही संगणकाशीं बोलतां आलें पाहिजे, या हट्टानें या दोघांनीं 'बेसिक' ही सोपी भाषा रचली आणि १ मे १९६४ रोजीं पहांटे चार वाजतां तींतील पहिली आज्ञावली चालविली. त्यांनीं कोठी उभारली नाहीं. नवशिक्यासाठीं वावरच निराळें काढलें. त्याचा फायदा असा, कीं मूल लवकर चालूं लागलें. तोटा असा, कीं मोठें झाल्यावर त्याला त्या वावरांतून उठून दुसऱ्या गांवीं जावें लागे, आणि जुन्या संवयी बरोबर जात. हॉलंडचे प्रख्यात संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनीं १९७५ सालीं लिहून टाकलें, कीं बेसिक शिकून आलेल्याला चांगली आज्ञावली लिहिण्यास शिकविणें जवळजवळ अशक्य आहे. हा निवाडा कठोर होता, आणि अन्यायाचाही. बेसिकवर हात बसविलेल्या पिढींतून पुढें नामांकित कारागीर निघाले. तरी त्यामागची काळजी खोटी नव्हती. पहिली संवय जन्मभर पुरते, हें पंतोजींच्या शाळेंतही ठाऊक होतें.

त्याच दशकांत बोस्टनशेजारच्या दुसऱ्या केंब्रिजांत, म्हणजे अमेरिकेंतील केंब्रिजांत, निराळीच कल्पना आकार घेत होती. वॉली फोयर्झाइग, सीमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनीं १९६७ मध्यें 'लोगो' ही मुलांची भाषा तयार केली. पेपर्ट हे दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेले गणिती. जिनीव्हा येथें बालमनाचे अभ्यासक पियाजे यांच्यापाशीं त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें होतें. लोगोशीं पुढें एक कांसव जोडलें गेलें. प्रथम तें खरोखरीचें यंत्र होतें; पोटाशीं लेखणी धरून जमिनीवर पसरलेल्या कागदावरून तें फिरे. मागाहून तें पडद्यावरच्या लहानशा त्रिकोणाच्या रूपांत आलें. त्याला दोनच गोष्टी समजतात: इतकीं पावलें पुढें जा, आणि इतके अंश वळ. शंभर पुढें, नव्वद उजवीकडे. असें चारदां केलें कीं चौकोन पुरा.

आतां त्रिकोण. शाळेंत समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा म्हणून पाठ केलेला असतो. मूल तोंच आंकडा देतें, आणि कांसव भलतीकडेच निघून जातें. अशा वेळीं मुलानें उठावें आणि स्वतः त्रिकोणावरून चालून पाहावें. मग उमगतें, कीं चालणाऱ्याला आंतला कोन वळावयाचा नसतो, बाहेरचा वळावयाचा असतो, एकशेंवीस अंशांचा. पूर्ण फेरी मारून पहिल्या जागीं, पहिल्याच दिशेस तोंड करून यावयाचें तर सारें वळण मिळून तीनशें साठच भरलें पाहिजे, मग आकृति तीन बाजूंची असो वा तीसांची. भूमितीच्या तासाला जें प्रमेय फळ्यावरून वहींत उतरतें तें येथें पायांत उतरतें. शिवाय चूक डोळ्यांना दिसते, कोणाच्या रागावण्याची वाट पाहावी लागत नाहीं. पेपर्ट यांनीं १९८० सालच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकांत हा विचार विस्तारानें मांडला.

या कल्पनेला महाराष्ट्रांत परकें वाटण्याचें कारण नव्हतें. जुन्या शाळांतून मूल एकदम कागदाला आणि शाईला हात लावीत नसे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावी, तीवर टोकदार काडीनें अक्षर काढावें, चुकलें तर हात फिरवून पुसावें, पुन्हा काढावें, अशी रीत होती. धूळपाटीवरचें अक्षर खोटें नसे. 'अ' चें वळण तेंच, 'क' चा कणा तोच. फक्त कागद नासण्याची भीति तेवढी तेथें नव्हती. कांसव ही संगणकाची धूळपाटी आहे.

भारतांत शाळकरी मुलांपर्यंत संगणक पोंचविण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ मध्यें 'क्लास' या योजनेनें झाला. ब्रिटनहून आलेलीं 'बी. बी. सी. मायक्रो' हीं यंत्रें निवडक शाळांत बसलीं, आणि त्यांबरोबर बेसिक आली. महाराष्ट्रांत २००१ सालीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, आणि तिच्या 'एम. एस.-सी. आय. टी.' या अभ्यासक्रमाच्या पाट्या तालुक्याच्या पेठांपर्यंत गेल्या. त्यामुळें लक्षावधि लोक संगणक वापरूं लागले. परंतु टांग्यांत बसणें निराळें आणि घोड्याला शिकविणें निराळें. आज्ञावली लिहिण्याचें शिक्षण महाविद्यालयांतच सुरू होई, आणि तेंही बहुधा 'सी' किंवा 'सी प्लस प्लस' या भाषांपासून.

या भाषा कसबी लोकांनीं कसबी लोकांसाठीं केलेल्या. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकानें असा पायंडा पाडला, कीं पहिल्या आज्ञावलीनें 'हॅलो, वर्ल्ड' एवढे दोन शब्द छापावे. सी प्लस प्लसमध्यें हे दोन शब्द छापण्यापूर्वीं विद्यार्थ्याला 'इन्क्लूड', 'यूझिंग नेमस्पेस', 'इंट मेन', महिरपी कंस, अर्धविराम आणि शेवटीं 'रिटर्न' असा सगळा मानपान पुरा करावा लागतो. हें काय आहे, असें विचारलें तर उत्तर मिळतें, कीं तें सध्यां तसेंच लिहा, अर्थ पुढें कळेल. ज्याच्या घरीं संगणक आहे, मोठा भाऊ अभियंता आहे, त्याला या उत्तराचें कांहीं वाटत नाहीं. जो मराठी शाळेंतून आलेला आहे आणि यंत्रापुढें पहिल्यांदाच बसला आहे, त्याला मात्र असें वाटूं लागतें, कीं इतरांना हें ठाऊक आहे, आपल्यालाच नाहीं. शास्त्र कठीण आहे कीं नाहीं हें समजण्याआधींच त्याला आपण मंद आहों असें वाटूं लागतें, हा यांतला खरा अनर्थ.

पवई येथील, १९५८ सालीं सुरू झालेल्या, भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत पहिल्या वर्षाच्या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना संगणकाचा 'सी. एस. १०१' हा विषय आवश्यक आहे. शाळेपासून संगणकाशीं खेळलेला मुलगा आणि त्याला कधीं हात न लावलेली मुलगी, दोघें एकाच बाकावर. हा विषय शिकविणाऱ्यांत प्रा. अभिराम रानडे हे एक. १९८९ सालीं त्यांनीं अमेरिकेंत येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. समांतर गणन हा त्यांचा अभ्यासविषय. असा मनुष्य नवशिक्यांच्या पहिल्या तासाचा विचार करीत बसतो, ही आपल्याकडे वारंवार दिसणारी गोष्ट नव्हे. त्यांनीं सी प्लस प्लसमध्यें पेरण्यासाठीं 'सिंपलसीपीपी' ही लायब्ररी रचली, आणि तिच्या आधारें लिहिलेलें त्यांचें 'ॲन इंट्रोडक्शन टु प्रोग्रॅमिंग थ्रू सी प्लस प्लस' हें पुस्तक २०१४ सालीं मॅग्रॉ-हिल यांनीं प्रसिद्ध केलें.

या लायब्ररींत पेपर्ट यांचें कांसव आहे. 'फॉरवर्ड १००', 'राइट ९०' असें लिहिलें कीं पडद्यावर रेघ उमटते. 'इंट मेन'च्या जागीं 'मेन प्रोग्राम' असा साधा शब्द आहे. पण तिच्यांतला सर्वांत विचारानें ठेवलेला दाणा म्हणजे 'रिपीट'. तेंच काम पुन्हा पुन्हा करावयास सांगण्याची सी प्लस प्लसची नेहमींची रीत 'फॉर' ही. तिच्यासाठीं मोजणीचा एक चल हवा, त्याची आरंभींची किंमत हवी, कोठें थांबावें ती अट हवी आणि प्रत्येक फेरीस एकानें वाढविण्याची सूचना हवी. म्हणजे चार नव्या कल्पना एकदम. रानड्यांच्या रचनेंत 'रिपीट ४' एवढें पुरतें. म्हणून जी कल्पना एरवीं कांहीं आठवड्यांनीं येते, ती पहिल्याच धड्यांत येते, आणि संगणकाचें खरें बळ, म्हणजे न कंटाळतां काम करण्याचें, विद्यार्थ्याला त्याच दिवशीं दिसतें. एका 'रिपीट'च्या पोटांत दुसरें 'रिपीट' घालावें आणि चौकोनांचें फूल काढावें, इतपत मजल नवखा विद्यार्थीही थोड्या वेळांत मारूं शकतो.

सोपेपणा आणि फसवणूक यांतला भेद एका उदाहरणानें स्पष्ट होतो. वापरणाऱ्यानें सांगितलेल्या संख्येइतक्या बाजूंची आकृति काढावयाची आहे. विद्यार्थी तीनशें साठला त्या संख्येनें भागून वळणाचा कोन काढतो. चार बाजूंची आकृति बरोबर येते, पांचांची येते, सहांची येते. सातांची मात्र मिटत नाहीं. शेवटची रेघ पहिल्या टोंकाला चुकवून जाते. कारण असें, कीं सी प्लस प्लसमध्यें पूर्णांकाला पूर्णांकानें भागलें कीं अपूर्णांकाचा भाग गळून पडतो. तीनशें साठ भागिले सात म्हणजे एक्कावन आणि वर थोडें. यंत्र एक्कावनच धरतें. सात एक्कावन तीनशें सत्तावन, तीन अंश कमी पडले. तीनशें साठ ऐवजीं 'तीनशें साठ दशांश शून्य' लिहिलें कीं आकृति मिटते. हा भाषेचा खरा स्वभाव आहे, आणि लायब्ररीनें तो झांकलेला नाहीं. एरवीं हा नियम पुस्तकांतल्या एका ओळींत वाचून विसरला जातो. येथें तो न मिटलेल्या सप्तकोनाच्या रूपानें डोळ्यांत भरतो. पुस्तकाचा उत्तरार्धही याच धाटणीचा आहे. स्वतःलाच हांक मारणाऱ्या आज्ञावलीनें फांद्याफांद्यांचें झाड काढणें किंवा ताऱ्यांची परस्पर आकर्षणानें होणारी गति पडद्यावर दाखविणें, असे विषय त्यांत येतात. ते कोणी पोरखेळ म्हणणार नाहीं.

'रिपीट' हें मुळांत सोंग आहे. आज्ञावलीचें यंत्रभाषेंत भाषांतर होण्यापूर्वीं त्या शब्दाच्या जागीं गुपचूप एक 'फॉर' बसविला जातो. सोंगाची अडचण अशी, कीं तें मधेंच उघडें पडतें. विद्यार्थ्याकडून एखादा कंस राहून गेला, तर यंत्राची तक्रार कधीं कधीं त्यानें न लिहिलेल्या शब्दांविषयीं येते, आणि तो चक्रावून जातो. नवशिक्यासाठीं केलेल्या बहुतेक लायब्रऱ्यांचें हें दुखणें आहे. चुकीच्या वेळीं मदत करणारे शब्द रचणें, हें सोपे शब्द रचण्यापेक्षां पुष्कळच अवघड काम आहे, आणि त्याकडे लक्षही कमी गेलें आहे.

मोठा आक्षेप निराळा आहे. नोकरीच्या ठिकाणीं 'रिपीट' कोणी ओळखणार नाहीं, मग मुलांना खाजगी बोली कां शिकवावी? हाच आक्षेप अमेरिकेंत स्टॅनफर्डचे एरिक रॉबर्ट्स यांच्या १९९५ च्या 'द आर्ट अँड सायन्स ऑफ सी' या पुस्तकालाही लागू पडत होता. त्यांत त्यांनीं भाषेचा अवघड भाग आपल्या लायब्ररीच्या आड ठेवला होता. मौजेची गोष्ट अशी, कीं १९७९ पासून सी प्लस प्लस घडविणारे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप स्वतः टेक्सासमध्यें पहिल्या वर्षाचा वर्ग शिकवूं लागले, तेव्हां त्यांनाही नवशिक्यांसाठीं एक सोयीची लायब्ररी तयार करावी लागली. २००८ सालच्या त्यांच्या पाठ्यपुस्तकांत ती आहे. घर बांधणाऱ्यालाच आपल्या घराचा उंबरठा उंच वाटला, तर पाहुण्याला दोष देण्यांत काय अर्थ? रानड्यांचें उत्तर आक्षेप टाळणारें नाहीं. त्यांची लायब्ररी बेसिकसारखें निराळें वावर काढीत नाहीं. तिच्या भोंवतीं पहिल्या दिवसापासून सबंध सी प्लस प्लस उघडी असते. पुस्तकांत यथाकाल 'फॉर' येतो, आणि या लायब्ररीवांचून आज्ञावली कशी लिहावी हेंही सांगितलें आहे.

ही लायब्ररी विनामूल्य मिळते, आणि रानड्यांचीं व्याख्यानें 'एन. पी. टी. ई. एल.' या योजनेंत कोणालाही पाहतां येतात. म्हणजे पवईची भिंत तेवढी दूर झाली. अकोल्याच्या अगस्ति महाविद्यालयासारख्या ठिकाणीं शिकणाऱ्या, आदिवासी पाड्यांवरून आलेल्या मुलामुलींपुढें उरते ती इंग्रजीची भिंत. व्याख्यानें इंग्रजींत, कांसवाचे शब्द इंग्रजी, आणि चुकीची तक्रारही इंग्रजींत. 'फॉरवर्ड' हा शब्द पाठ होतो, पण पाठ केलेल्या शब्दाशीं खेळावेंसें वाटत नाहीं. आणि धूळपाटीचा तर सारा जीव खेळण्यांत.

येथें यंत्रांतील एक अलीकडचा बदल उपयोगी पडण्यासारखा आहे. 'जी. सी. सी.' या सर्वत्र प्रचलित असलेल्या भाषांतरक आज्ञावलीनें २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आज्ञांचीं नांवें देवनागरींत लिहिण्यास मोकळीक दिली. म्हणजे 'फॉरवर्ड'ला 'पुढे', 'राइट'ला 'उजवीकडे' आणि 'रिपीट'ला 'पुन्हा' असें दुसरें नांव देणारी चार ओळींची फाइल कोणत्याही शिक्षकाला स्वतः लिहितां येईल. देवनागरी टंकलेखनाचा हात बसलेला नसतो, परीक्षेंत इंग्रजी शब्दच लागतात, आणि भाषेचे 'इफ', 'व्हाइल' हे मूळ शब्द तसेच राहतात, या अडचणी आहेतच. म्हणून ती फाइल पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतीच ठेवावी हें बरें. त्यानंतर शिक्षकानें ती काढून घ्यावी. यंत्र 'पुढे' हा शब्द ओळखत नाहीं अशी तक्रार करील, आणि विद्यार्थी त्या जागीं 'फॉरवर्ड' लिहील. तोंपर्यंत सप्तकोन मिटविण्याची युक्ति त्याच्या हातांत आलेली असेल.